एका दिवसाच्या प्राचार्यबाई

बदलापुरात थंडी पडते, हे मुंबईच्या पाहुण्याला पटवणं मी केव्हाच सोडून दिलंय. पडते म्हणजे पडते. जानेवारीत आमच्या बाल्कनीतलं खोबरेल तेल इतकं घट्ट होतं, की मी ते सुरीने कापून डोक्यावर ठेवतो आणि दुपारी ते आपापलं विरघळतं. उल्हास नदीवर सकाळी असं धुकं बसतं, की काठावर चरणारी म्हैस आपली की शेजाऱ्याची हे कळायला मालक तिला नावाने हाक मारतो. म्हैस मान हलवते. ते त्याला दिसत नाही, म्हणून तो चिडतो.

या जानेवारीतही मी असाच खोबरेल कापत बसलो होतो, तेवढ्यात मुलीचा फोन वाजला. तिच्या कॉलेजचं एक ॲप आहे. ते तिची हजेरी टक्क्यांत सांगतं, दशांश चिन्हासकट.

"बाबा, चौऱ्याहत्तर पॉइंट सहा," ती म्हणाली. चेहरा उतरलेला.

"अगं, मग पंच्याहत्तरच की. जाऊन बोल कुणाशी तरी."

"ॲपशी बोलता येत नाही, बाबा."

हे वाक्य मला दिवसभर चावत राहिलं. आमच्या वेळी हजेरी कमी पडली, की बोलायला निदान एक खुर्ची होती आणि खुर्चीत माणूस होता. त्यातही जानेवारीतला एक दिवस असा यायचा, की त्या खुर्चीत कोण बसलंय हे बघायला आख्खं कॉलेज दारात उभं असायचं.

आमचं कॉलेज अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे होतं. निकाल चांगला लागला की दोन्ही गावं ते आपलं म्हणायची. वाईट लागला की ते मधे आहे, असं म्हणायची. तळमजल्यावर भाताची गिरणी आणि तिच्या डोक्यावर दोन मजले कॉलेज. जागा गिरणीमालक दामाशेटची. त्यांनी ती फुकट दिली होती, अट एकच: गिरणी हलणार नाही. गिरणी हलली नाही, पण ती सुरू झाली की कॉलेज हलायचं. बाकांवरच्या वह्या एकेक इंच सरकत शेजाऱ्याकडे जायच्या, त्यामुळे आमच्यात कॉपी करायला मान वळवावी लागायची नाही. सर फळ्यावर सरळ रेघ काढायला जायचे आणि मागणीचा वक्र तयार व्हायचा. नवीन भात आलं की नोव्हेंबर ते फेब्रुवारी आमच्या केसांत, डब्यांत, उत्तरपत्रिकांत तूस असायचं. गरम कोंड्याचा गोडसर वास जिन्यातून वर चढायचा. मधेच वारा फिरला की एमआयडीसीतला कसलातरी आंबूस, घशाला लागणारा वास यायचा आणि मग सगळ्यांना एकदम खोकला. आजही कुठे कोंड्याचा वास आला, की मी अपराधी होतो. आपण नक्की कुठलातरी तास बुडवतोय, असं वाटतं.

एवढंसं कॉलेज, पण रीतीभाती संस्थानाच्या. जूनमध्ये नवी मुलं आली की त्यांना खालच्या गिरणीच्या काट्यावर जोखायचे आणि वजन एका वहीत लिहायचे. तीन वर्षांनी जाताना पुन्हा जोखायचे. जो फरक येईल तेवढं शिक्षण झालं, असं मानायचं. माझा मित्र हरेश येताना बावन्न किलो होता आणि जाताना चौऱ्याहत्तर. हा न्याय विद्यापीठाने लावला असता, तर तो पहिला आला असता. सप्टेंबर संपला की वर्षभरात विसरलेल्या छत्र्यांचं स्वयंवर व्हायचं. सगळ्या छत्र्या ओळीत मिटवून ठेवायच्या आणि डोळे बांधलेल्या मालकाने नुसत्या मुठीवरून आपली ओळखायची. एका मुलाने सरांची छत्री आपली म्हणून ओळखली. पुढे त्याने सरांच्या मुलीशी लग्नही केलं, असं मी सांगतो. लोक ऐकून घेतात.

पण सगळ्यांत मोठा सण म्हणजे खुर्चीचा दिवस. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात यायचा.

त्याचा उगम असा. कॉलेज नवीन असताना तपासणीला विद्यापीठाची समिती आली आणि नेमके त्याच दिवशी पहिले प्राचार्य खाली गिरणीच्या कोठारात अडकले. बाहेरून कडी लागली होती आणि गिरणीच्या आवाजात त्यांची हाक कुणाला ऐकू येईना. समिती तर जिना चढत होती. तेव्हा शिपायाने खुंटीवरचा प्राचार्यांचा कोट चढवला आणि तो खुर्चीत बसला. समितीने दोन तास प्रश्न विचारले. तो एका शब्दाने बोलला नाही, नुसती मान हलवत राहिला. इतका गंभीर, मितभाषी आणि कुठल्याच मागण्या नसलेला प्राचार्य समितीने आजवर पाहिला नव्हता. जाताना त्यांनी न मागता वाणिज्य शाखेला मंजुरी दिली. संध्याकाळी खरे प्राचार्य तुसाने माखून बाहेर आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "दर वर्षी याच दिवशी बस बाबा इथे. कॉलेजचं भलं होईल."

तेव्हापासून त्या दिवशी सर्वांत जुना शिपाई प्राचार्य व्हायचा आणि प्राचार्य शिपाई. खाकी शर्ट घालून घंटा द्यायची, चहा आणायचा, फायली फिरवायच्या. आणि सकाळी अकराला त्या एका दिवसाच्या प्राचार्याने गिरणीच्या ओट्यावर उभं राहून एक हुकूम काढायचा. एकच. कुणाला पास-नापास करायचं सोडून काहीही. तो हुकूमवहीत लिहायचा आणि पुढच्या खुर्चीच्या दिवसापर्यंत कॉलेजने तो पाळायचा. आमचे प्राचार्य कुलथे सर तसे गुळगुळीत माणूस, पण आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना वर्षभर मिशी ठेवावी लागली होती. 'सर मिशीत बरे दिसतील', एवढाच हुकूम होता. त्यांच्या बायकोने अर्ज केला, तोही फेटाळला गेला. हुकूम म्हणजे हुकूम.

आमच्या शेवटच्या वर्षी जुने शिपाई निवृत्त झाले आणि मान आला पुष्पामावशींकडे. खुर्चीत बसणारी पहिलीच बाई. अंबरनाथच्या चाळीत राहायच्या, साडेसहाला कॉलेजचं गेट उघडायच्या आणि सात वीसला पहिली घंटा द्यायच्या. अंगाने बुटक्या, आणि घंटा अशी द्यायच्या, की बदलापूरच्या फलाटावर लोक गाडी आली समजून पुढे सरकायचे. नवरा नव्हता. घरात दोघीच, त्या आणि मुलगी सुजाता. सुजाता आमच्याच वर्गात, अर्थशास्त्राला.

त्या जानेवारीत डिफॉल्टर लिस्ट लागली. सत्तावीस नावं. ज्यांची हजेरी भरली नाही त्यांना मार्चच्या परीक्षेला बसता येणार नाही. माझं नाव सातवं, हरेशचं आठवं. आम्ही तिथेही शेजारी होतो. एकविसावं नाव सुजाताचं.

यादी डकवायचं काम मावशींचंच. वाटीत गव्हाची खळ आणि जुन्या टॉवेलचा बोळा घेऊन त्यांनी फळ्यावर यादी चिकटवली. चारही कोपरे दाबले, मधोमध हात फिरवला. तो हात एकविसाव्या नावावरून गेला तेव्हा थांबला नाही. मी मागेच उभा होतो, बघत होतो.

आम्हाला गंमत वाटायची ती वेगळीच. आई साडेसहाला गेट उघडते आणि मुलगी पहिल्या दोन तासांना कधीच नसते. नऊ वाजता यायची, भिजलेल्या बाह्या वर सरकवून, धापा टाकत. तीन वर्षं आम्ही चेष्टा केली. "मावशी, एक घंटा घरी पण द्या ना!" मावशी हसायच्या नाहीत आणि काही सांगायच्याही नाहीत.

यादी लागली आणि हरेशच्या डोक्यात दिवा पेटला. हरेश उल्हासनगरचा, कॅम्प चारमधला. घरी जीन्स शिवायचं वर्कशॉप, त्यामुळे दहाही नखं कायमची निळी. आमच्यात तो मराठी बोलायचा, पण डोकं तापलं की हिंदी.

"अबे, सोच ना," तो म्हणाला. "खुर्चीचा दिवस आठ दिवसांवर. खुर्चीत मावशी. एक हुकूम. 'यादी रद्द.' खलास! मावशीची मुलगी पण सुटली, आपण पण सुटलो. बस, मावशीला कोणीतरी बोलायला पाहिजे."

"तू बोल."

"मी दालपकवान आणतो. तू बोल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दालपकवानचं पुडकं घेऊन मावशींच्या स्टुलासमोर उभे. मावशींनी पुडकं सोडलं, कांदा वर घातला, पकवान मोडून डाळीत बुडवलं आणि शांतपणे सगळं खाल्लं. आम्ही वाट बघत होतो.

"डाळ चांगली आहे," त्या म्हणाल्या. "आता वर्गात जा. घंटा झालीय."

"मावशी, ते खुर्चीच्या दिवसाचं..."

"काय त्याचं?"

"यादीत सुजाताचं पण नाव आहे," मी हळूच सोडलं.

"यादी मीच डकवलीय ना रे? का तुला वाटलं मला वाचता येत नाही?"

आम्ही वर्गात गेलो. त्या वर्षात घंटेच्या ठोक्याला वर्गात गेल्याची आमची ती एकमेव नोंद.

संध्याकाळी सुजाताने मला जिन्यात गाठलं. तिची उंची आईचीच, आवाजही.

"तू आईशी बोललास?"

"नाही."

"तुझ्या शर्टावर डाळ आहे."

मी डाळ पुसली.

"ऐक," ती म्हणाली. "वर्ष गेलं तर माझं शिक्षण संपलं. मामाने पॅकिंगच्या कामाला जागा बघून ठेवलीय. मला बसायचंय परीक्षेला. तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त बसायचंय. पण आईने यादी रद्द केली, तर जन्मभर लोक म्हणतील, शिपाईबाईची पोरगी आईच्या खुर्चीवरून परीक्षेला बसली. तसं बसण्यापेक्षा मी डबे पॅक करीन. कळलं? आता परत तिच्याकडे गेलास तर बघ."

"मग करायचं काय?"

"तुला काय करायचंय? तू तर झोपला होतास, म्हणून तुझं नाव आहे."

हे खरं होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

खुर्चीचा दिवस उजाडला तेव्हा गिरणीच्या पत्र्यावर दव इतकं होतं, की पन्हळीतून धार लागली होती. मावशी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आल्या. खुर्ची उंच, पाय जमिनीला पोचेनात. त्यांनी जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा मागवला आणि त्यावर पाय ठेवले. आमची तीन वर्षांची गैरहजेरी त्यांच्या पायाखाली. कुलथे सरांनी खाकी शर्ट घातला होता, पोटावरचं एक बटण लागत नव्हतं. पहिली घंटा देताना ठोके मोजायचे ते विसरले आणि सुटीची घंटा समजून पहिल्या वर्षाचा आख्खा वर्ग घरी गेला. दुपारी त्यांना बोलवायला माणसं पाठवावी लागली.

मागच्या मोकळ्या शेतात दामाशेट पोपटी लावत होते. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मीठ, मधे मधे अंडी. मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवलेला. धूर, कोंडा, भांबुर्ड्याचा उग्र वास. आम्ही घाईला आलो, की दामाशेट काठी उगारायचे. "आरं, मडक्याला हात नको लावू. त्याला त्याचं शिजू दे."

अकरा वाजता मावशी ओट्यावर आल्या. हातात हुकूमवही. गिरणी बंद केली होती, त्यामुळे इतकी शांतता, की कान दुखायला लागले. सत्तावीस डिफॉल्टर पुढच्या रांगेत, देवळात नवस फेडायला उभं राहावं तसे. सुजाता सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून. तिने मान खाली घातली होती.

मावशींनी वाचलं. लिहिलंही त्यांनीच होतं, अक्षर गोल गोल.

"यादीतल्या मुलांचे जे तास बुडाले, ते प्राचार्यांनी स्वतः घ्यावेत. रोज दुपारी साडेबारा ते साडेतीन. उद्यापासून परीक्षेच्या आदल्या शनिवारपर्यंत. हजेरी प्राचार्यांनी स्वतः घ्यावी. एकही तास न चुकवता जो बसेल, तो परीक्षेला बसेल. जो एक चुकवील, तो बसणार नाही. मग तो कुणाचा का मुलगा असेना, का मुलगी."

हरेश माझ्या कानात म्हणाला, "मर गए. दालपकवान पण गेलं."

खाकी शर्टातले कुलथे सर पुढे झाले. "अहो पुष्पाबाई, मी चौदा वर्षं वर्गावर गेलेलो नाही. कार्यालयातून सवडच नाही झाली."

मावशी म्हणाल्या, "मग सर, हजेरी तुमची पण कमीच आहे की."

दामाशेट आधी हसले. मग गिरणीवरचे हमाल हसले आणि मग ती हसण्याची लाट अशी पसरली, की मी सांगतो, पत्र्यावरची कबुतरं उडाली ती तीन दिवस परत आली नाहीत. मागे भिंतीशी सुजाताने मान वर केली होती. ती हसत नव्हती. आईकडे बघत होती, नुसती.

मग फेब्रुवारी. फेब्रुवारीच्या दुपारी आमच्याकडे थंडी एकदम पायाला पाय लावून पळते. सकाळी स्वेटर, दुपारी घामोळं. साडेबाराला गिरणी पूर्ण जोरात, वर आम्ही सत्तावीस जण, पोटात जेवण, डोळ्यांवर झापड, आणि समोर कुलथे सर पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचतायत. पहिला आठवडा ते वाचत होते आणि आम्ही थरथरत होतो. त्या आठवड्यात पाच जण गळले. दुसऱ्या आठवड्यात नोट्सचा एक कागद गिरणीच्या कंपाने टेबलावरून खिडकीतून खाली गेला आणि तांदळाबरोबर भरडला गेला. सर थांबले. पुढचं काय ते त्यांना आठवेना. मग चष्मा काढून ते बाकाच्या कडेवर बसले आणि आमच्याशी बोलायला लागले. तिथून ते शिकवायला लागले. काही माणसं बंद घड्याळासारखी असतात. हलवलं की चालतात. सरांना हलवायला गिरणी लागली.

एके दिवशी त्यांनी जुनाच प्रश्न काढला. पाण्यावाचून माणूस मरतो, तरी पाणी स्वस्त. हिऱ्यावाचून कुणाचं अडत नाही, तरी हिरा महाग. असं का?

मग सुजाता उभी राहिली.

"सर, पाणी स्वस्त नाही."

"म्हणजे?"

"आमच्या चाळीत नळ सात ते साडेआठ येतो. पूर्ण चाळीला एकच नळ. आई साडेसहाला इथे गेट उघडायला येते, म्हणून रांगेत मी असते. मला पाणी रोज दोन लेक्चरला पडतं."

खाली गिरणी चालू होती. तीन वर्षं आम्ही 'घरी घंटा द्या' म्हणत होतो. घंटा द्यायला आई इथे होती, म्हणूनच मुलगी तिथे होती. हे कळायला बी.ए.ला बसावं लागत नाही, पण आम्ही बसलो होतो आणि कळलं नव्हतं. कुलथे सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाले, "बस. उत्तर बरोबर आहे." त्यांनी पुढे हिऱ्याचं काही सांगितलंच नाही.

मार्च लागला. सत्तावीसचे एकोणीस झाले. शेवटचा आठवडा उरला आणि जांभूळ गावाच्या बाजूला पाइपलाइनचं मोठं काम निघालं. दोन दिवस पाणी बंद. तिसऱ्या दिवशी येणार, पण सकाळी नाही. दुपारी एकला, दोन तास.

त्या दिवशी सकाळी सुजाता गेटवर भेटली.

"आज मी साडेबाराला नाही," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट.

"अगं, पण हुकूम! एक चुकला तर..."

"मला पाठ आहे हुकूम."

"शेजाऱ्यांना सांग ना भरायला."

"दोन दिवस सगळ्यांचीच पिंपं कोरडी आहेत. कोण कुणाचं भरेल? रांगेत माणूस नाही, तर नंबर नाही."

"मग आईला सांग."

"तिची ड्यूटी चारपर्यंत आहे." तिने ओढणी कमरेला खोचली. "परीक्षेवाचून माणूस जगतं. पाण्यावाचून दोन दिवस काढले, तिसरा निघणार नाही." आणि ती गेली.

पुढचं आता लोकांना मी कसं सांगतो ते ऐका. हरेशने केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "सर, सुजाता नाही येणार. आज पाणी आहे तिच्याकडे." कुलथे सरांनी हुकूमवही मागवली. हुकूम तीनदा वाचला. मग म्हणाले, "वेळ लिहिलीय. शिक्षक कोण ते लिहिलंय. जागा लिहिलेली नाही." त्यांनी हजेरीपट काखेत मारला, वर्गाला कुलूप लावायला सांगितलं आणि भर उन्हात निघाले. मागे सगळे डिफॉल्टर, दोन-दोनच्या रांगेत. अंबरनाथच्या त्या रस्त्याने एवढं शिस्तबद्ध शिक्षण कधी चाललेलं नाही. बँक लुटली का, असं एका रिक्षावाल्याने विचारलं.

चाळीतल्या नळावर चाळीस बायका, शंभर हंडे. मधोमध सुजाता. सरांनी रांगेच्या शेजारच्या ओट्यावर उभं राहून बरोबर साडेबाराला हजेरी घेतली. एकेकाने 'हजर' म्हटलं. सुजाताने वळून पाहिलं, हजेरीत तिचं नाव आलं, आणि हंडा हातात धरूनच तिने 'हजर' म्हटलं. मग सरांनी मागणी-पुरवठा शिकवला, तीन तास, नळाकडे बोट करून. एका आजीने मधेच विचारलं, "मास्तर, ते सगळं ठीक, पण प्रेशर का नाही येत?" पाणी आलं तेव्हा आम्ही साखळी केली, हंड्यावर हंडा, आणि नुसतं सुजाताचंच नाही, चाळीतली एकूण एक पिंपं भरली. शेवटचं दोनशे लिटरचं पिंप भरलेलं होतं, ते मी एकट्याने डोक्यावर उचलून दुसऱ्या माळ्यावर नेलं. चार वाजता मावशी घरी आल्या. दारात प्राचार्य, पँट गुडघ्यापर्यंत ओली. मावशींनी सरांकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, हजेरीपटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पिंपाचं झाकण कुठंय? कचरा पडेल." आणि आत जाऊन चहा ठेवला.

असं मी सांगतो. बहुतेक सगळं खरं आहे. दोनशे लिटरचं पिंप सोडून. आणि मी सोडून.

मी तिथे नव्हतो. सव्वाबाराला मी जिना चढून वर गेलो, वर्गाला कुलूप दिसलं आणि आयुष्यभराच्या सवयीने पाय आपोआप वळले. सुजाता येणार नाही हे मला ठाऊक होतं. तिच्यासाठी तास रद्द केला असणार, असं मीच ठरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं आणि तास असला तर? मी उल्हासनगरला, कॅम्प एकला जाऊन दोन प्लेट कोकी, ती जाड सिंधी पोळी, खाल्ली आणि वर ताक प्यायलो. नळावरच्या हजेरीत सातवं नाव पुकारलं गेलं तेव्हा, हरेश सांगतो, सरांनी दोनदा पुकारलं आणि मग थांबून इकडेतिकडे बघितलं. हे सगळं मला हरेशने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्याचा हात हंड्याने सोलला होता, तो त्याने मला दाखवला. निळ्या नखांखाली लाल.

शनिवारी शेवटची यादी लागली. डिफॉल्टरांपैकी परीक्षेला बसणारे अठरा. मावशी खळ लावत होत्या. मी मागे जाऊन उभा राहिलो.

"मावशी, एकच दिवस."

त्यांनी कोपरा दाबला. "त्या दिवशी माझ्या घरी अठरा पोरं आणि एक प्राचार्य होते. कप कमी पडले. पातेल्यातून प्यायले." मग मधोमध हात फिरवत म्हणाल्या, "तुझा कप आम्ही बराच वेळ बाजूला ठेवला होता."

मी पुढच्या वर्षी परीक्षेला बसलो, सगळे तास भरून. तो कप मात्र मी अजून प्यायलेलो नाही.

दर जानेवारीत आमची बॅच बदलापूरला कुणाच्यातरी शेतावर पोपटीला जमते. सुजाता येते, नवरा-मुलांना घेऊन. कॉलेजात शिकवते ती आता, अर्थशास्त्रच. कुणीतरी नवा माणूस, कुणाचातरी जावई नाहीतर व्याही, हमखास विचारतो, ते नळावरच्या लेक्चरचं काय ते सांगा ना. मग मी सुरू होतो. दरवर्षी ऊन चढत जातं, हंडे वाढत जातात, पिंप मागच्या वर्षी अडीचशे लिटरचं झालं. हरेश शेंगा सोलत मान खाली घालून हसतो. सुजाता मधे एक शब्द बोलत नाही. मला पूर्ण सांगू देते, पिंप दुसऱ्या माळ्यावर नेऊ देते, टाळ्या पडू देते.

मग हातातल्या शेंगेचं टरफल बाजूला ठेवून शांतपणे विचारते, "झालं? घेऊ हजेरी?"